दीड हजार मिलिमीटरचा टार्प आणि ठाण्याचा पाऊस

ठाणे शहरावर एका पावसाळ्यात साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि डोंगरभटकंतीसाठी विकल्या जाणाऱ्या हलक्या टार्पच्या, म्हणजे दोऱ्यांनी ताणून छप्पर म्हणून बांधायच्या कापडाच्या, चिठ्ठीवर ‘जलरोधकता १५०० मिमी’ असे छापलेले असते. दोन्ही आकडे मिलिमीटरमध्येच असल्यामुळे हे कापड आपल्याकडच्या पावसाला पुरणार नाही, असे खरेदी करणाऱ्याला वाटणे स्वाभाविक आहे. या समजुतीपायी अनेक जण ५००० मिमीचा जाड, जड आणि महाग टार्प घेतात आणि तरीही रात्री भिजतात. वास्तविक या दोन आकड्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. पावसाचा आकडा किती पाणी पडले ते सांगतो, तर टार्पवरचा आकडा कापड पाण्याचा किती दाब सोसते ते सांगतो.

हा दाब मोजण्याची पद्धत सोपी आहे. कापडाचा तुकडा यंत्रात घट्ट आवळून त्याच्या एका बाजूला पाण्याचा दाब हळूहळू वाढवत नेतात आणि दुसऱ्या बाजूला तिसऱ्या ठिकाणी थेंब दिसला की त्या क्षणीचा दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत नोंदवतात. १५०० मिमी म्हणजे दीड मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब, म्हणजेच वातावरणाच्या दाबाचा सुमारे सातवा हिस्सा. स्तंभ किती रुंद आहे याने दाबात फरक पडत नाही, फक्त उंचीने पडतो. त्यामुळे ही चाचणी घरीही करता येते. गवंडी लेव्हल काढण्यासाठी वापरतात तसली पारदर्शक नळी उभी धरावी, तिच्या खालच्या तोंडावर कापड क्लिपने पक्के आवळावे, नळीत एक मीटर उंचीपर्यंत पाणी भरावे आणि कापडाच्या मधल्या भागाकडे काही मिनिटे लक्ष ठेवावे. कडेने झिरपणारे पाणी आवळणीतल्या फटीचे असते, ते मोजायचे नाही.

कापड पाणी अडवते ते दोन कारणांनी. एक म्हणजे धाग्यांमधली छिद्रे लेपाने बुजलेली असतात, आणि दुसरे म्हणजे जी सूक्ष्म छिद्रे उरतात त्यांच्या तोंडाशी पाणी पसरत नाही. अळवावरचे पाणी जसे पानाला न चिकटता गोळा होऊन घरंगळते, तसाच पाण्याचा तिटकारा सिलिकॉनच्या लेपाला थोड्या कमी प्रमाणात असतो. अशा छिद्रात शिरायचे तर पाण्याला आपल्याच पृष्ठताणाविरुद्ध ढकलले जावे लागते, आणि छिद्र जितके लहान तितका हा विरोध अधिक असतो. दहा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इतक्या व्यासाच्या छिद्रातून पाणी पलीकडे ढकलायला सुमारे एक मीटर उंच स्तंभाचा दाब लागतो, आणि छिद्र निम्मे केले की दोन मीटरचा लागतो. घड्या पडून, घासून किंवा उन्हाने लेपाला तडे गेले की छिद्रे मोठी होतात आणि चिठ्ठीवरचा आकडा नव्या कापडापुरताच खरा राहतो.

मग पावसाचा थेंब प्रत्यक्षात किती दाब देतो? दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब हवेच्या विरोधामुळे सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो, तर वळवाच्या पावसातला पाच मिलिमीटरचा टपोरा थेंब नऊ मीटर वेगाने येतो. त्यांच्या गतीचा दाब काढला तर तो अनुक्रमे सुमारे २१५० आणि ४१०० मिमी भरतो. हे आकडे १५०० च्या वरचे असले तरी घाबरण्याचे कारण नाही. हा दाब एका मिलिसेकंदाहूनही कमी काळ टिकतो, अगदी लहानशा ठिपक्यावर पडतो, आणि ताणलेले कापड किंचित मागे सरकून तो झेलते. शिवाय कापड तिरके असेल तर थेंबाच्या वेगाचा काही भागच कापडावर काटकोनात पडतो. वारा नसताना ४५ अंशांच्या उतारावर हा दाब बरोबर निम्मा होतो. म्हणून डोक्यावरच्या छतासाठी १५०० ते २००० मिमी पुरेसे आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगाखाली अंथरायच्या कापडाची गोष्ट मात्र वेगळी आहे. गुडघा टेकला की तिथे दहा मीटर स्तंभाइतका दाब सहज पडतो, आणि हलका टार्प खाली अंथरला तर ओल वर येणारच.

पाणी बहुतेक वेळा कापडातून येतच नाही, ते बाजूने येते. सह्याद्रीच्या धारेवर पावसाची झड किती तिरपी असते हे प्रत्येक भटक्याला ठाऊक आहे, आणि ते मोजताही येते. ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा असेल, तर दोन मिलिमीटरचा थेंब उभ्या रेषेपासून सुमारे ५७ अंशांनी कललेला येतो. म्हणजे टार्पची कड जमिनीपासून एक मीटर उंच असेल तर पाऊस कडेच्या आत दीड मीटरपर्यंत पोहोचतो. टार्पच्या निवडीत माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि ती चिठ्ठीवर कुठेच छापलेली नसते.

हॅमॉक, म्हणजे दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी, वापरणाऱ्याला या भूमितीचा फायदा होतो. साधारण ३.३ मीटर लांबीची झोळी दोरी तीस अंशांनी कलेल इतकी सैल बांधली की तिच्या दोन टोकांमध्ये सुमारे २.७५ मीटर अंतर उरते. दोन्ही टोकांच्या बाहेर एकेक वीत-दीड वीत छप्पर हवे, म्हणून टार्पचे आढे, म्हणजे छपराची मधली उंच रेघ, निदान ३.३५ मीटरचे असावे. रुंदी तीन मीटर घेतली तर दोन्ही पाखी, म्हणजे उतरत्या बाजू, दीड-दीड मीटरची होतात. आढे दीड मीटर उंचीवर बांधून पाखी ४५ अंशांनी उतरवली तर कडा जमिनीपासून ४४ सेंटीमीटरवर येतात, आणि वर सांगितलेली झड सुमारे ६८ सेंटीमीटर आत शिरते. पण खुर्चीच्या उंचीवर लोंबणाऱ्या झोळीच्या ती खालूनच जाते. जमीन भिजते, माणूस कोरडा राहतो. जमिनीवर झोपणाऱ्याने मात्र वाऱ्याकडची कड थेट जमिनीला टेकवली पाहिजे, म्हणजे त्याला आढे खाली आणावे लागते किंवा अधिक रुंद टार्प लागतो. तीन बाय तीनचा चौरस टार्प कर्णावर बांधला तर आढे ४.२ मीटर मिळते, परंतु टोकांशी छप्पर निमुळते होते आणि पाय व डोके झडीच्या तोंडी येतात. पावसाळ्यासाठी मी चौरसापेक्षा आयतच सुचवीन.

उताराचे दुसरे काम पाणी वाहून नेण्याचे आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वरच्या मापाचा टार्प जमिनीवरची सुमारे सात चौरस मीटर जागा झाकतो, म्हणजे तासाला ५० मिमीच्या सरीत त्याच्यावर ३५० लिटर पाणी पडते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. तितका पाऊस या टार्पने सुमारे ६६०० लिटर पाण्याच्या रूपात झेलला असता. हे सारे पाणी पागोळ्यांनी गळून गेले तर काहीच बिघडत नाही, पण पाख्यात कुठे खोलगट भाग राहिला तर तिथे तळे साचते. एक मीटर रुंद आणि मध्ये वीस सेंटीमीटर खोल डबक्यात सुमारे ८० लिटर पाणी मावते. या डबक्याचा दाब कापडाच्या दृष्टीने अवघा २०० मिमी, म्हणून ते गळत नाही. पण ८० किलोचे ओझे आढ्याची दोरी खाली खेचते, खोलगटपणा वाढतो, आणखी पाणी साचते आणि शेवटी खुंटी उपटते किंवा कोपऱ्याची कडी फाटते. म्हणून पाखी तीस अंशांहून उभी ठेवावीत आणि कड एका कोपऱ्याकडे किंचित उतरती बांधावी, म्हणजे पाणी एकाच जागी गळेल.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. सेकंदाला दहा मीटर वेगाचा वारा दर चौरस मीटरवर सुमारे सहा किलोचा जोर देतो, म्हणजे पाच चौरस मीटरच्या एका पाख्यावर ढोबळमानाने तीस किलो. वेग दुप्पट झाला की हाच जोर १२० किलोपर्यंत जातो. सरळ कडांचा टार्प अशा वेळी फडफडतो आणि त्या झटक्यांनी कड्यांजवळची शिवण उसवते. कडा आत वळवून कापलेल्या टार्पमध्ये ताण कडेने सारखा वाटला जातो व फडफड बरीच कमी होते. त्यात थोडी जागा जाते, पण हा सौदा फायद्याचा आहे.

शिवणीबद्दल थोडक्यात सांगतो. सुईचे प्रत्येक भोक कापडातल्या छिद्रांच्या शेकडो पट मोठे असते, आणि आढ्यावरून शिवण गेलेली असेल तर ती नेमकी डोक्यावर येते. पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लास्टिकचा, लेप असलेल्या कापडाची शिवण कारखान्यातच पट्टी चिकटवून बंद करतात. सिलिकॉनवर ती पट्टी धरत नाही, त्याला सिलिकॉनचेच लुकण लावावे लागते, आणि पुष्कळदा ते काम घेणाऱ्यावर सोडलेले असते. पहिल्या वापराआधी ते करून घ्यावे.

आता कापडाकडे वळू. दहा चौरस मीटरच्या टार्पसाठी बाजारात मिळणारी निळी ताडपत्री, म्हणजे विणलेल्या पॉलिथिनच्या पट्ट्यांवर पॉलिथिनचाच पापुद्रा चढवलेले कापड, १२० जीएसएमची (दर चौरस मीटरला १२० ग्रॅम वजनाची) घेतली तर वजन १.२ किलो भरते. ती स्वस्त आहे, पाणी अजिबात शोषत नाही आणि गाडीने जाऊन मुक्काम करणाऱ्याला पुरेशी आहे, पण कडक असल्यामुळे लहान घडी होत नाही आणि उन्हात काही महिन्यांत तिचा चुरा होऊ लागतो. पॉलियुरेथेन लेपाचे पॉलिएस्टर ७५० ते ८०० ग्रॅम भरते. सिलिकॉनचा लेप दिलेले पातळ नायलॉन साडेचारशे ग्रॅमच्या आसपास बसते व त्याची फाटण्याविरुद्धची ताकद उत्तम असते. मात्र नायलॉन ओलावा शोषते आणि ओले झाले की लांबते, त्यामुळे संध्याकाळी ताठ बांधलेला टार्प मध्यरात्री लोंबू लागतो आणि कोणालातरी पावसात उठून दोऱ्या आवळाव्या लागतात. पॉलिएस्टर ओलावा जवळजवळ घेतच नाही आणि उन्हालाही अधिक काळ टिकते. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिन तंतूंचे पापुद्र्यासारखे पातळ कापड तर दोनशे ग्रॅमच्या आतच राहते, पण त्याची किंमत पाहता ते आठवडाअखेरच्या भटकंतीसाठी घ्यावे असे मला वाटत नाही. कोकण आणि घाटमाथ्यासाठी माझी पसंती सिलिकॉन लेपाच्या पॉलिएस्टरला आहे.

सकाळी आतून ओला दिसणारा टार्प गळलेलाच असतो असे नाही. निरभ्र हिवाळी रात्री कापड आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेहूनही थंड होते आणि त्यावर दव धरते, त्यात श्वासातल्या बाष्पाची भर पडते. बाजू मोकळ्या ठेवणे हाच त्यावरचा उपाय आहे. झोळीच्या दोरीवरून ओघळत येणारे पाणी मात्र खरोखरच अंथरुणापर्यंत पोहोचते. झोळीपासून वीतभर अलीकडे दोरीला सुतळीचा तुकडा लोंबता बांधला की पाणी त्यावरून खाली गळते. झाड निवडताना गुलमोहर टाळावा, कारण पावसाळ्यात त्याच्या फांद्या सहज मोडतात. साल खरवडू नये म्हणून निदान अडीच सेंटीमीटर रुंद पट्टा वापरावा. येऊरचे जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडते, तिथे रात्रीचा मुक्काम करता येत नाही. प्रबळमाची किंवा राजमाचीला गावकऱ्यांच्या जागेत त्यांच्या परवानगीने टार्प बांधता येतो, मात्र पावसाळ्यात निघणारे प्रशासनाचे बंदी आदेश आधी पाहून घ्यावेत.

घरी परतल्यावर टार्प ओलाच पिशवीत कोंबून माळ्यावर टाकणे हा त्याचा सर्वांत मोठा शत्रू आहे. उष्ण, दमट हवेत पॉलियुरेथेनच्या लेपाचे रेणू पाण्याशी अभिक्रिया होऊन तुटतात, लेप चिकट होतो, त्याला आंबूस वास येतो आणि तो पापुद्र्यांनी सुटू लागतो. ठाणे-नवी मुंबईच्या जुलैमध्ये ही अभिक्रिया वेगाने होते व एकदा झाली की उलटवता येत नाही. सिलिकॉनला हा धोका फारसा नाही, पण बुरशी त्यावरही धरते. सदनिकेत वाळत घालायला जागा नसेल तर टार्प खोलीत आडव्या दोरीवर पंख्याखाली रात्रभर पसरावा, शिवणी आणि कोपऱ्यांच्या घड्या हाताने चाचपून कोरड्या झाल्याची खात्री करावी, आणि मग तो सैल सुती पिशवीत ठेवावा.