बायकोचा पगार आणि नवऱ्याच्या मोबाईलवरचा ओटीपी

ओळखीतली एक मुलगी आहे, माहेर ऐरोलीजवळच्या दिवा कोळीवाड्यातलं, नोकरी महापेला. पगार तिच्याच खात्यात पडतो पण खात्याला नंबर जोडलाय नवऱ्याचा. परवा आईची औषधं घ्यायला गेली, नऊशेचं बिल, आणि मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून ओटीपीसाठी नवऱ्याला फोनवर फोन, तो मीटिंगमधे, मागे लोकं खोळंबलेली. तिची आजी ठाण्याच्या बाजारात मासळीची पाटी घेऊन बसायची, पैसे कायम कनवटीला, आणि घरातले पुरुषसुद्धा खर्चाला तिच्याकडेच मागायचे.

मग मधे झालं काय? एक म्हणजे जमीन गेली. 1970 साली सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी आली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यातल्या 95 गावांची जमीन नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं, शेती, मिठागरं, खाडी सगळं आक्रसत गेलं. बाया शेतात राबायच्या, खाडीत उतरायच्या, पण सातबाऱ्यावर नाव बहुतेक पुरुषाचंच, त्यामुळे मोबदलाही त्याच्याच हातात.

कायद्याचं म्हणाल तर तो फार उशिरा जागा झाला. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं, मोठेपणी त्या नांदायला जाईनात म्हणून नवरा कोर्टात गेला, 1887 मधे मुंबई हायकोर्टाने सांगितलं नांदायला जा नाहीतर सहा महिने कैद, आणि बाई म्हणाल्या कैद चालेल! 1888 ला दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, पुढे लंडनला शिकून त्या डॉक्टर झाल्या. मला या बाईंचा फार अभिमान वाटतो. पण नांदायला ये म्हणून कोर्टात जायचा मार्ग 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात कलम 9 म्हणून राहिलाच, आजही आहे, दोघांनाही वापरता येतो एवढंच.

1956 ला हिंदू बाईची मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची झाली, वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना मुलांसारखा जन्मापासून हक्क महाराष्ट्राने 1994 ला दिला, देशभर 2005 ला. हे सगळं माहेरचं झालं. लग्नानंतर संसारात जे उभं राहतं त्याचं काय? गोव्यात त्यात नवराबायकोचा अर्धा अर्धा वाटा धरतात, आपल्याकडे तसा कायदा नाही, ज्याच्या नावावर त्याचं. 2021 पासून बाईच्या नावावर घर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत 1 टक्का सूट मिळते म्हणून आता फ्लॅट बायकोच्या नावावर घेतात खरे, पण कुठे घ्यायचा, केवढ्याचा, हप्ता किती, हे तिला विचारलेलं असतंच असं नाही.

आणि बायकोचे पैसे अडवून धरणं हा आर्थिक छळ आहे असं घरगुती हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय. मी तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, अगं ते मारत वगैरे नाहीत गं.

तरी गेल्या आठवड्यात ती बँकेत जाऊन नंबर बदलून आली, फॉर्मवर तिची एकटीचीच सही लागली. तेव्हापासून घरात अबोला आहे.