घोड्याचा डोळा आणि चंद्रावरचा आळ

घोड्यांच्या डोळ्यांचा एक आजार आजही चंद्राच्या नावाने ओळखला जातो : मून ब्लाइंडनेस. डोळा लाल होतो, पाणी गळतं, काही दिवसांत सगळं निवळतं आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा भडकतं. ही ये-जा चंद्राच्या कलांप्रमाणे होते, असा समज रोमन लेखक व्हेजेशियसच्या काळापासून, म्हणजे चौथ्या-पाचव्या शतकापासून चालत आला. कारण चुकलं, पण निरीक्षण पक्कं होतं. आजार उलटतो, आणि दर फेरीला थोडी नजर घेऊन जातो.

पुढे कित्येक शतकं हे डोळे नालबंदांच्या हाती होते. रक्त काढायचं, डाग द्यायचे. दाढांपुढे उगवणाऱ्या 'वुल्फ टूथ' या इवल्याशा दातामुळे आंधळेपण येतं असं मानून तो दातही उपटत. मुक्या जनावराने हे सगळं सोसलं, हे वाचताना आजही वाईट वाटतं. फ्रान्समधल्या लिआँमध्ये १७६१ साली पशुवैद्यकाची शाळा स्थापन झाली, तरी डोळ्याच्या आत डोकावायची सोय व्हायला १८५१ उजाडावं लागलं. त्या वर्षी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे डोळ्याच्या आत पाहायचं उपकरण, आला.

उपकरणाआधी मात्र नजर हवी. निरोगी डोळ्याच्या वरच्या पापणीचे केस जवळजवळ आडवे असतात. डोळा दुखू लागला की ते जमिनीकडे झुकतात. समोर उभं राहून दोन्ही डोळे ताडून पाहिले की फरक कळतो. घोडा पापणी इतकी घट्ट मिटतो की ती जबरदस्तीने उघडली तर खोल जखम झालेला डोळा फुटू शकतो. म्हणून पापणी मिटणारी नस आधी बधिर करतात.

१९४०च्या दशकात लेप्टोस्पायरा जंतूंशी मून ब्लाइंडनेसचा संबंध जोडला गेला. जंतू निमित्त ठरतो. पुढची बरीच नासधूस शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच करते. त्याच सुमारास स्टेरॉइड आली आणि दाह आवरता येऊ लागला. पण कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, व्रण असताना तेच औषध डोळ्याचा घात करतं. म्हणून आधी फ्लोरेसीन या रंगद्रव्याचा थेंब घालतात : व्रण असेल तिथे हिरवा डाग उमटतो. ॲट्रोपिन हे औषध बाहुली मोठी ठेवतं, दुखणं कमी करतं आणि बुबुळ भिंगाला चिकटू देत नाही.

नंतर जर्मनीत डोळ्यातला गढूळ द्रव काढून टाकण्याची शस्त्रक्रिया रुळली. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाची इवलीशी चकतीही डोळ्याच्या पांढऱ्या आवरणाखाली बसवता येऊ लागली. तिच्यातून औषध दीर्घकाळ झिरपत राहतं. त्याने दुखण्याच्या फेऱ्या कमी होतात. गेलेली नजर मात्र परत येत नाही.