जन्मजात थायरॉइड-न्यूनता

बाळाच्या थायरॉइड (अवटू) ग्रंथीत जन्मापासूनच पुरेसे संप्रेरक तयार होत नसेल, तर त्या अवस्थेला जन्मजात थायरॉइड-न्यूनता म्हणतात. वेळीच उपचार केल्यास पूर्णपणे टाळता येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचे हे एक प्रमुख कारण आहे. जगात साधारणपणे २००० ते ४००० नवजात बाळांमागे एकाला हा विकार असतो. भारतात प्रमाण याहून जास्त दिसते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई आणि हैदराबाद येथे एक लाखाहून अधिक बाळे तपासली, तेव्हा सुमारे अकराशे बाळांमागे एक असे प्रमाण आढळले.

कारणे दोन प्रकारची. बहुतेक बाळांत ग्रंथीची घडणच चुकलेली असते : ग्रंथी तयारच होत नाही, खुरटी राहते किंवा गर्भावस्थेत जिभेच्या मुळापासून मानेपर्यंत उतरताना वाटेतच थांबते. हा प्रकार मुलींमध्ये अधिक आढळतो आणि सहसा आनुवंशिक नसतो. दुसऱ्या प्रकारात ग्रंथी जागेवर असते, पण संप्रेरक बनवण्याच्या साखळीतले एखादे विकर (एन्झाइम) सदोष असते. हा दोष आई-वडील दोघांकडून आल्याशिवाय प्रकट होत नाही, म्हणून नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्राच्या दक्षिण भागात आजही आहे, हे इथे लक्षात घ्यायला हवे. अशा घरात एक मूल बाधित असेल, तर पुढच्या प्रत्येक बाळाला चारांत एक धोका असतो.

काही बाळांत न्यूनता तात्पुरती असते. आईच्या आहारात आयोडीन कमी असणे, गरोदरपणी आईने थायरॉइड दाबणारी औषधे घेतलेली असणे, आईच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळापर्यंत पोचणे ही त्याची कारणे. आयोडीनचा अतिरेकही तितकाच बाधतो. बाळाच्या नाळेला पोव्हिडोन-आयोडीन लावत राहिल्याने ग्रंथीचे काम मंदावू शकते.

या विकाराची खरी अडचण अशी, की तो जन्मतः दिसत नाही. आईचे थायरॉक्सिन (थायरॉइडचे मुख्य संप्रेरक) वारेतून थोडेफार पोचलेले असते, शिवाय अर्धवट ग्रंथीही काही काळ काम रेटते. त्यामुळे बहुतेक बाळे वजनाने, रूपाने चारचौघांसारखी असतात. पुढच्या काही आठवड्यांत खुणा उमटू लागतात : दोन-तीन आठवडे उलटूनही न उतरणारी कावीळ, बद्धकोष्ठ, दूध ओढताना येणारी झापड, घोगरे रडणे, थंड आणि डागाळ त्वचा, बेंबीचा फुगवटा, मोठी जीभ, डोक्याच्या मागच्या बाजूची रुंद टाळू. यांतली एकेक खूण निरोगी बाळातही दिसू शकते. त्यात असे बाळ फारसे रडत नाही, दुधासाठी उठवावे लागते, आणि घरातल्या मोठ्या बायका ‘किती गुणी आहे गं, त्रास म्हणून नाही’ असे कौतुक करतात. सगळी लक्षणे एकत्र येऊन ओळखू येईपर्यंत तीन-चार महिने गेलेले असतात. मेंदूच्या पेशींची जोडणी आणि त्यांवरील आवरणाची वाढ थायरॉक्सिनवर अवलंबून असते. ही गरज पहिल्या तीन वर्षांत, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत सर्वांत तीव्र असते. तेव्हा झालेले नुकसान नंतर कितीही औषध दिले तरी भरून निघत नाही. उंची मात्र उशिरा उपचार सुरू झाले तरी बरीच वाढते. म्हणूनच लक्षणांची वाट पाहणारे निदान इथे कुचकामी ठरते. प्रत्येक बाळाची तपासणी हाच उपाय.

औषध तपासणीच्या कितीतरी आधी आले होते. इंग्लंडमध्ये जॉर्ज मरी यांनी १८९१ मध्ये मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका प्रौढ स्त्रीची थायरॉइड-न्यूनता बरी केली. एडवर्ड केंडल यांनी १९१४ मध्ये अमेरिकेत थायरॉक्सिन वेगळे काढले. तरीही बाळे उशिरापर्यंत ओळखू येत नसल्याने त्यांना याचा फायदा जेमतेम होत होता. रॉबर्ट गथ्री यांनी फेनिलकीटोनमेह या दुसऱ्या जन्मजात विकाराच्या तपासणीसाठी रूढ केलेल्या गाळणकागदावरच्या वाळलेल्या रक्तातून थायरॉक्सिन मोजण्याची रीत १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात कॅनडातील क्यूबेक प्रांतात झाँ द्युसो यांनी बसवली, आणि चित्र पालटले. काही वर्षांतच अनेक देशांनी ही तपासणी सर्व बाळांसाठी सुरू केली. मुंबईत बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात नवजात बाळांच्या तपासणीचे काम केले. गोवा शासनाने २००८ मध्ये नवजात तपासणीचा कार्यक्रम हाती घेतला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या आजारांच्या यादीत हा विकार आहे, पण प्रत्येक बाळाची सक्तीची तपासणी देशभर अजून लागू नाही. त्यामुळे बाळ कुठल्या रुग्णालयात जन्मले यावर बरेच अवलंबून राहते.

तपासणीत बहुधा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक) मोजतात. थायरॉइड कमी पडली की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी हे संप्रेरक जास्त सोडते. जन्मताच थंडीचा आणि प्रसूतीचा धक्का बसून निरोगी बाळाचेही टीएसएच तासाभरात साठ-ऐंशीपर्यंत (मिलीएकक प्रति लिटर) उसळते आणि दोन-तीन दिवसांत उतरते. म्हणून रक्त एकतर जन्मताच नाळेतून घेतात किंवा ४८ ते ७२ तासांनी टाचेतून. परिचारिका टाच कोमट कापडाने शेकते, कडेच्या बाजूला टोचते, पहिला थेंब पुसून टाकते आणि दुसरा मोठा थेंब कागदावरच्या वर्तुळाला अलगद टेकवते. रक्त कागदाच्या मागच्या बाजूला झिरपले पाहिजे. एकाच वर्तुळावर थेंबावर थेंब दिले तर आकडा चुकतो. कागद आडवा ठेवून सावलीत तीन-चार तास वाळवतात, मगच प्रयोगशाळेत पाठवतात.

टीएसएच ४० च्या वर आले तर बाळाला लगेच बोलावून शिरेतल्या रक्तात टी-४ (थायरॉक्सिन) आणि टीएसएच पाहतात. २० ते ४० च्या दरम्यान असेल तर सात ते दहा दिवसांनी पुन्हा तपासतात. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या आणि डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांत टीएसएच उशिरा वाढू शकते, म्हणून पहिला अहवाल चांगला आला तरी दोन ते चार आठवड्यांनी पुन्हा रक्त घेतात. पीयूषिकेतच दोष असेल तर टीएसएच वाढतच नाही आणि असे बाळ या चाळणीतून निसटते. ग्रंथी आहे का, कुठे आहे, हे सोनोग्राफीने आणि टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याच्या स्कॅनने कळते, पण स्कॅनच्या तारखेसाठी औषध थांबवायचे नसते.

आपल्याकडे ही साखळी तुटते ती बहुधा परत बोलावण्याच्या टप्प्यावर. बाळंतीण माहेरी असते, रुग्णालयात नोंदवलेला फोन नवऱ्याचा असतो, पत्ता सासरचा असतो. त्यातून बाळ छान दिसत असल्याने सव्वा महिना झाल्याशिवाय बाहेर काढायला घरचे तयार नसतात. नेमक्या ह्याच दिवसांत उपचार सुरू व्हायला हवेत.

उपचार म्हणजे लिव्होथायरॉक्सिनची (कृत्रिमरीत्या बनवलेल्या थायरॉक्सिनची) रोज एक मात्रा. सुरुवातीला दर किलो वजनामागे १० ते १५ मायक्रोग्रॅम. तीन किलोच्या बाळाला बऱ्याचदा २५ ची दीड गोळी येते. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले आणि नियमित राहिले, तर बहुतेक मुलांची बुद्धी इतरांसारखीच वाढते. गोळी दोन चमच्यांत चुरडून चमचाभर आईच्या दुधात किंवा पाण्यात मिसळून ताबडतोब पाजतात. ती बाटलीभर दुधात घालू नये, कारण दूध उरले की औषधही उरते. बाळगुटीत उगाळू नये. लोह, कॅल्शियम आणि सोयाबीनचे दूध औषध शोषू देत नाहीत, त्यांच्यात चार तासांचे अंतर ठेवतात. गोळ्यांची बाटली घट्ट बंद, ओल आणि उन्हापासून दूर असावी. औषध स्वस्त आहे आणि तालुक्याच्या दुकानातही मिळते. खंड पडतो तो बहुधा मूल धडधाकट दिसू लागल्यावर ‘आता कशाला?’ म्हणून.

औषध सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत पुन्हा रक्त तपासतात. टीएसएच ताळ्यावर येईपर्यंत दर दोन आठवड्यांनी, मग पहिल्या वर्षी एक ते तीन महिन्यांनी आणि पुढे थोड्या अधिक अंतराने मात्रा जुळवत राहतात. जादा मात्राही घातक असते : मूल चिडचिडे होते, झोप उडते, वजन भरत नाही. न्यूनता तात्पुरती असण्याची शक्यता वाटली, तर तीन वर्षे पूर्ण झाल्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली महिनाभर औषध थांबवून पाहतात. ग्रंथीच नसलेल्या मुलांत हा प्रयोग करत नाहीत. त्यांना गोळी जन्मभर लागते. अशा मुली मोठ्या होऊन गरोदर राहिल्या की पहिल्या महिन्यांतच त्यांची मात्रा वाढवावी लागते.