पेशीपटलाचा हिशेब : तांबड्या रक्तपेशीवर झालेलं काम

पेशीपटलाची जाडी जेमतेम 5 ते 8 नॅनोमीटर. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला ती दिसणं शक्यच नाही. तरीही हे पटल मेदाच्या दुहेरी थराचं आहे, असं नेदरलँड्सच्या लायडनमध्ये एव्हर्ट गॉर्टर आणि फ्रांस्वा ग्रेंडेल यांनी 1925 मध्येच सांगितलं. तेही न पाहता, नुसतं मोजून.

मोजायला घेतल्या तांबड्या रक्तपेशी. सस्तन प्राण्यांच्या या पेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत. त्यामुळे हाती लागणारा मेद जवळजवळ सगळा बाहेरच्या पटलाचाच. ॲसिटोनने तो काढला, पसरट ट्रेमधल्या पाण्यावर सोडला आणि आडव्या पट्टीने ढकलत ढकलत एक रेणू जाडीचा सलग थर होईपर्यंत आवळला. या थराच्या क्षेत्रफळाला त्या सगळ्या पेशींच्या एकूण क्षेत्रफळाने भागलं. उत्तर आलं जवळपास 2, म्हणजे प्रत्येक पेशीभोवती मेदाचे दोन थर. पेशीच्या आत पाणी आणि बाहेरही पाणी, म्हणून मेदरेणूंची पाणी मानवणारी डोकी दोन्हीकडे पाण्याला लागलेली आणि पाणी टाळणाऱ्या शेपट्या मधे एकमेकींकडे वळलेल्या.

उत्तर बरोबर, पण हिशेब दोन ठिकाणी चुकलेला. ॲसिटोनमध्ये सगळा मेद उतरत नाही, 20 ते 30 टक्के मागेच राहतो. शिवाय क्षेत्रफळ धरलं होतं काचपट्टीवर वाळलेल्या पेशींचं. ओल्या पेशीचं क्षेत्रफळ 140 चौरस मायक्रोमीटरच्या आसपास असतं, वाळून आक्रसलेलीचं जेमतेम 100. अंशही कमी, छेदही कमी, भागाकार जागेवर! 1966 मध्ये हाच प्रयोग काळजीपूर्वक केला, तेव्हा थर जितका घट्ट आवळावा तितकं गुणोत्तर 2 वरून 1.3 पर्यंत उतरत गेलं. म्हणजे नुसत्या मेदाने पटल पुरं होत नाही, जागा उरते.

ती जागा प्रथिनांची. 1935 च्या डॅनिएली-डॅव्हसन आराखड्यात प्रथिनं मेदाला बाहेरून लिंपलेली होती. 1972 मध्ये सिंगर आणि निकोल्सन यांनी ती मेदाच्या थरात रुतलेली, काही आरपार गेलेली आणि थरातल्या थरात सरकणारी दाखवली. पदार्थांची ने-आण समजायला हे आरपार जाणंच महत्त्वाचं. ऑक्सिजन मेदातून सहज पार होतो. सोडियम-पोटॅशियमचे आयन जवळपास नाहीच. पाणी थोडंफार झिरपतं, पण तांबड्या पेशीत ते फार वेगाने शिरतं. का, ते पीटर आग्रे यांच्या गटाने 1992 मध्ये दाखवलं. तांबड्या पेशीतल्या एका प्रथिनाचा आरएनए (ते प्रथिन बनवण्याची सूचना नेणारा रेणू) बेडकाच्या अंड्यात टोचला आणि अंडं पातळ द्रावणात ठेवलं; काही मिनिटांत ते फुगून फुटलं. न टोचलेली अंडी जवळजवळ तशीच राहिली. हेच ॲक्वापोरिन, फक्त पाण्याची वाट.

आयनांना मात्र वाट मिळून भागत नाही, गळतीच्या उलट दिशेने ढकलावं लागतं. 1941 च्या सुमारास दिसलं होतं, की थंडीत ठेवलेल्या रक्तपेशींतून पोटॅशियम बाहेर येतं आणि ग्लुकोज देऊन 37 अंशांवर ठेवल्यास ते परत आत जातं. 1957 मध्ये डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांना खेकड्याच्या नसांत त्यामागचं, एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करणारं विकर सापडलं; हाच आयनांचा पंप. त्याच वर्षी पोस्ट आणि जॉली यांनी तांबड्या पेशींत प्रमाण मोजलं : 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत.

रक्तपेढीतली पिशवी हा याच प्रयोगाचा अर्धा भाग. 2 ते 6 अंशांना पंप जवळपास बंद पडतो, गळती मात्र चालूच राहते. दिवस जातील तसं पिशवीतल्या द्रवात पोटॅशियम साठत जातं. विकिरण केलेल्या (गॅमा किंवा क्ष-किरण दिलेल्या) पिशवीत तर आणखी वेगाने. मोठ्या माणसाला एखादी पिशवी सावकाश चढवली तर सहसा बिघडत नाही, पंप शरीरात गेल्यावर पुन्हा सुरू होतो. नवजात बाळाला भराभर, भरपूर रक्त द्यावं लागलं तर हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून तिथे ताजी पिशवी मागतात, नाहीतर पेशी धुऊन घेतात.