फोटो म्हटलं की आबाजी ताठ काहून होतात

नवा कॅमेरा किंवा बरा मोबाईल हातात आला की गावातली पोरं पहिले घरच्यांचेच फोटो काढतात, आणि अनुभव सगळ्यांचा एकच. पारावर मस्त गप्पा हाणत बसलेले आबाजी फोटो म्हटलं की टोपी सरळ करतात, हात मांडीवर ठेवतात अन् चेहरा एकदम पासपोर्टचा. शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पण हे ताठ बसणं माणसाला कॅमेऱ्यानंच शिकवलंय, आणि ते कसं झालं हे माहीत असलं की पोर्ट्रेट, म्हणजे माणसाच्या चेहऱ्याचा फोटो, शिकणं खरंच सोपं जातं.

१८३९ मध्ये डागेर या फ्रेंच माणसाची फोटो काढायची पद्धत पॅरिसमध्ये जाहीर झाली तेव्हा प्लेटवर (फिल्मच्या जागी तेव्हा तीच असायची) चेहरा उमटायला भर उन्हात कित्येक मिनिटं लागायची, तेवढा वेळ हसू कुठं टिकतं, म्हणून लोक तोंड मिटून बसायचे आणि डोकं हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावायचे. १८४० मध्ये पेट्झवाल नावाच्या गणितज्ञानं चेहऱ्यांसाठीच म्हणून साधारण एफ/३.६ ची लेन्स काढली (एफपुढचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), ती इतका उजेड आत घ्यायची की काम मिनिटाच्या आत व्हायला लागलं. आज आपण ५० एमएम एफ/१.८ लेन्ससाठी पैसे जमवतो ते मागचं धूसर दिसावं म्हणून. तेव्हा तो धूसरपणा उजेडाच्या मागोमाग आपोआप आला होता, कोणी मागितला नव्हता.

मुंबईत हे लवकर पोचलं, १८५४ मध्येच तिथं फोटोग्राफिक सोसायटी निघाली आणि भाऊ दाजी लाडांचे भाऊ नारायण दाजी तिच्यात होते. पण त्या काळच्या प्लेटांना निळा उजेड चांगला दिसायचा अन् लाल जवळपास दिसायचाच नाही. म्हणून तसल्या फोटोत कुंकू काळंकुट्ट येतं आणि वावरात रापलेला चेहरा आहे त्याहून काळा. सगळे रंग पकडणाऱ्या प्लेटा १९०६ पासून बाजारात आल्या, तरी स्टुडिओत तोंडाला पावडर थापायची सवय काही गेली नाही.

आपल्याकडच्या माणसांचे फोटो सरकारी नोंदीसाठीही काढले गेले. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ मध्ये निघाले, नागपूर-वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांतात. त्यातल्या बहुतेक फोटोंखाली जातीचं किंवा कामाचं नाव आहे, माणसाचं नाही. हे बघून मला अजूनही वाईट वाटतं.

आणि मग सेवाग्राम. इथं जरा थांबतो, कारण पोर्ट्रेट शिकणाऱ्यानं बघावं असं मोठं काम आपल्याच वर्धा जिल्ह्यात झालंय आणि ते आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. कनू गांधी नात्यानं गांधीजींचे चुलत नातू, आश्रमात काम करायचे. विनोबांचे भाऊ शिवाजी भावे यांनी त्यांना फोटो काढायचं सुचवलं, घनश्यामदास बिर्लांनी १०० रुपये दिले, त्यातून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्मचा रोल आला. गांधीजींनी तीन अटी घातल्या: फ्लॅश नाही, पोझ द्यायला सांगायचं नाही, आणि आश्रम खर्च देणार नाही. आता विचार करा, मातीच्या कुटीत दाराखिडकीतून येईल तेवढाच उजेड, तेव्हाची फिल्म स्लो म्हणजे तिला उजेड जास्त लागायचा, एका रोलवर १२ फोटो, म्हणजे माणूस स्वतःहून थांबेल तेव्हाच बटण दाबायचं. त्यात रोलायफ्लेक्स पोटाशी धरून वरून बघायचा कॅमेरा, फोटो काढणाऱ्याची मान खाली, समोरच्यावर डोळा रोखलेला नाही. काही फोटो हललेले आहेत, काहींत चेहरा अर्धा अंधारात आहे, पण गांधीजी फोटोसाठी बसलेत असं वाटतच नाही. मला ते स्टुडिओतल्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त आवडतात.

बाकी गावांसाठी मात्र फोटो म्हणजे तालुक्याचा स्टुडिओ, लग्न झाल्यावर जोडीनं जायचं, मागे रंगवलेला पडदा अन् बाजूला फुलदाणी. पुढे बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री गावातल्या एखाद्या गुरुजींकडे दिसायला लागला, त्यात फोकस फिरवायची सोय नव्हती, फार जवळ गेलं की चेहरा धूसर, म्हणून सगळे दूर रांगेत उभे. मग १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांनी मतदार ओळखपत्राचा आदेश काढला, २०१० पासून आधार आलं, आणि कितीतरी म्हाताऱ्या माणसांना एकट्याचा फोटो म्हणजे तेवढाच माहीत, समोर बघा, हलू नका. पुष्कळ घरांत भिंतीवरचा हार घातलेला फोटोसुद्धा त्याच ओळखपत्रावरून मोठा केलेला असतो.

आयफोन ७ प्लसनं २०१६ मध्ये पोर्ट्रेट मोड, म्हणजे मागचं आपोआप धूसर करायची सोय, आणला, आता साध्या मोबाईलमध्येही तो असतो. त्या आयफोनमध्ये दोन लेन्सांना दिसणाऱ्या चित्रांतल्या फरकावरून अंतर काढून मागचं सॉफ्टवेअरनं धूसर केलं जायचं, आणि असल्या मोडची गडबड होते ती फेट्याची कड, टोपीबाहेरचे केस, पदराची किनार इथंच. माझं म्हणणं, शिकेपर्यंत तो मोड बंदच ठेवा. मे महिन्यात दुपारी बाहेर फोटो काढू नका, डोळ्यांखाली काळे खड्डे येतात, ओसरीत उजेडाकडे तोंड करून बसवा. पांढरं धोतर अन् टोपी बघून कॅमेरा सगळाच फोटो काळपट करतो, म्हणून स्क्रीनवर चेहऱ्यावरच बोट ठेवून एक्सपोजर, म्हणजे उजेडाचं माप, घ्या. आणि समोर बघा म्हणू नका, तूर निवडत असतील तर निवडू द्या, यंदा कापसाला काय भाव लागला ते विचारा, बोलणं रंगात आलं की मग बटण दाबा.