सीडेकल लिहायची वेळ का आली?

टर्मिनलवर सी भाषेतलं डिक्लेरेशन (एखादं नाव कशाचं आहे हे सांगणारी ओळ) टाकायचं आणि त्याचा अर्थ सरळ इंग्रजी वाक्यात वाचायचा, एवढंच सीडेकलचं काम. याची गरज का पडली, हे समजायला 1970च्या दशकाच्या सुरुवातीच्या, सी घडत होती त्या बेल लॅब्जमध्ये जावं लागतं.

सीच्या आधीच्या, केन थॉम्प्सन यांच्या बी भाषेत डेटा टाइप (आकडा, अक्षर असे माहितीचे प्रकार) नव्हतेच. सगळा कारभार मशीनच्या वर्डवर, म्हणजे मेमरीच्या ठरावीक आकाराच्या कप्प्यावर चालायचा. पीडीपी-11 या मशीनवर बाइटनिहाय पत्ते आले आणि सीचे जनक डेनिस रिची यांना टाइप आणावे लागले. डिक्लेरेशनसाठी त्यांनी नियम धरला: नाव एक्स्प्रेशनमध्ये जसं वापरायचं, तसंच जाहीर करायचं. कल्पना देखणी होती, घात केला तो बीमधून आलेल्या ताऱ्यानं, म्हणजे पॉइंटर (मेमरीतला पत्ता) दाखवणाऱ्या * या खुणेनं. ॲरेचे (एकाच प्रकारच्या किमतींच्या रांगेचे) आणि फंक्शनचे कंस नावाच्या उजवीकडे, पॉइंटरचा तारा डावीकडे, आणि अग्रक्रम उजवीकडच्यांना. म्हणून 'इंट *पी()' (इंट म्हणजे पूर्णांक) हे पॉइंटर परत देणारं फंक्शन ठरतं, तर 'इंट (*पी)()' हा फंक्शनचा पॉइंटर. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममधलं सिग्नल नावाचं फंक्शन तर फंक्शनचा पॉइंटर घेतं आणि तसाच परतही देतं; ते डिक्लेरेशन वाचताना मुरलेला माणूसही कंस मोजतो.

कंपायलरच्या पुस्तकामुळे आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना माहीत असलेले रवी सेठी यांनी 1981 मध्ये दाखवलं, की तारा नावामागे आला असता तर बराच गुंता टळला असता. रिचींनी पुढे याची नोंद घेतली, पण बदल करण्याची वेळ केव्हाच टळली होती.

मग उरला उलगडून सांगणाऱ्या प्रोग्रामचा मार्ग. मूळ सीडेकल टेक्ट्रॉनिक्समधल्या ग्रॅहम रॉस यांचं. पुढे इतरांनी त्यात सी++ची भर घातली. त्यात 'एक्स्प्लेन इंट (*पी)()' लिहिलं की उत्तर येतं: 'डिक्लेअर पी ॲज पॉइंटर टू फंक्शन रिटर्निंग इंट'. हेच वाक्य परत दिलं की डिक्लेरेशन मिळतं.

कर्निगन-रिची यांच्या सी भाषेवरच्या पुस्तकाच्या 1988च्या आवृत्तीतही असाच छोटा प्रोग्राम आहे, डीसीएल नावाचा. एकमेकांना बोलावणारी दोन फंक्शन्स, एवढाच त्याचा गाभा. माझ्या मते तो हातानं लिहून पाहणं सीडेकल चालवण्यापेक्षा जास्त शिकवतं. रोजच्या कोडमध्ये मात्र टाइपडेफच (टाइपला आपलं सोपं नाव देण्याची सोय) कामाला येतो, आणि गंमत म्हणजे आपण टाइपडेफनं दिलेलं नाव जुन्या सीडेकलला कळत नाही. ते सरळ सिंटॅक्स एरर देऊन मोकळं होतं.