साध्या कॅमेऱ्यानं पक्ष्यांचे फोटो (गोवा)

लाखालाखाची टेलिफोटो लेन्स न घेता ब्रिज कॅमेरा (लेन्स बदलता न येणारा, पण मोठ्या झूमचा), कॅमेऱ्याच्या किटसोबत मिळणारी झूम लेन्स किंवा स्पॉटिंग स्कोपमागं (एका डोळ्यानं बघायची दुर्बीण) धरलेला मोबाइल एवढ्यावर रानातल्या पक्ष्यांचे फोटो काढणं. गोव्यात हे जमतं ते मुख्यतः पाण्याकाठच्या पक्ष्यांमुळे, कारण खाजनं (खाडीकाठची बांध घातलेली खारी शेतं), तळी, नदीची मुखं सगळी उघडी, उजेड भरपूर आणि पक्षी माणसांना बऱ्यापैकी सरावलेले.

स्कोपमागं कॅमेरा धरायची युक्ती, म्हणजे डिजिस्कोपिंग, नेमकी कोणाची यावर मतं वेगळी आहेत. सहसा श्रेय मलेशियाचे लॉरेन्स पोह यांना देतात, त्यांनी १९९९ च्या सुमारास निकॉनचा छोटा कूलपिक्स कॅमेरा सहज स्कोपच्या आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावून बघितला म्हणे. शब्द मात्र फ्रान्सचे पक्षीनिरीक्षक आलँ फॉसे यांनी त्याच सुमारास घडवला असं मानतात. फिल्मच्या काळातही लोक दुर्बिणीमागं कॅमेरे लावतच होते, त्यामुळे पोह यांनी युक्ती शोधली म्हणण्यापेक्षा डिजिटलमध्ये ती चालू केली म्हणणं जास्त बरोबर वाटतं. आता हे काम बरंचसं ब्रिज कॅमेऱ्यांनी खाल्लंय. कॅनन एसएक्स५० (२०१२) मध्ये ५० पट झूम आला, निकॉन पी९०० (२०१५) मध्ये ८३ पट, पी१००० (२०१८) मध्ये १२५ पट.

जाहिरातीत पी९०० ची लेन्स २००० मिमी म्हणतात, पण ते फुल फ्रेमच्या (३६ मिमी रुंद सेन्सरच्या) हिशोबानं, खरी फोकल लेन्थ ३५७ मिमी. फोटो टिपणारा सेन्सर जेमतेम ६ मिमी रुंद, म्हणून १० मीटरवरचा १० सेंमीचा सूर्यपक्षी त्यावर साडेतीन मिमीचा पडतो, अर्ध्याहून जास्त फ्रेम भरते. तोच पक्षी ५५-२५० मिमीच्या किट झूमवर, २५० ला, अडीच मिमीचा, आणि तो सेन्सर २२ मिमी, म्हणजे नवव्या हिश्शात ठिपका. पण फुकट काही मिळत नाही. पी९०० च्या शेवटच्या झूमला अॅपर्चर (लेन्सचं प्रकाश आत घेणारं भोक) एफ ६.५ इतकं लहान असतं, तिथं प्रकाशाच्या एका बिंदूचा ठिपकाच जवळजवळ ९ मायक्रॉनचा (मिमीचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन) होतो आणि पिक्सेल तर दीड मायक्रॉनचाही नाही, त्यामुळे मेगापिक्सेल वाढवून पिसांचा तपशील वाढत नाही. भर दुपारी गरम हवा थरथरते तेव्हा लांबचा फोटो कुठल्याच लेन्सनं धड येत नाही, त्यापेक्षा वीस पावलं पुढं गेलेलं परवडतं.

समुद्र पश्चिमेला, म्हणून मोरजीला शापोरा नदीच्या मुखाशी सकाळी गेलं की ऊन पाठीशी आणि कुरव, चिखल्यांवर थेट उजेड, संध्याकाळी मात्र नुसत्या सावल्या. भरतीला पाणी चढतं तसे हे पक्षी उरलेल्या वाळूच्या पट्ट्यावर दाटीनं येतात, म्हणून भरतीचं वेळापत्रक बघून जाणारा छोट्या झूमवरही भागवतो. चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्य (१९८८, सुमारे १.८ चौ. किमी) रायबंदरहून फेरीबोटीनं पलीकडे, तिथं खारफुटीत कॉलर्ड किंगफिशर (खंड्याची एक जात) दिसतो, जो पश्चिम किनाऱ्यावर फार थोड्या ठिकाणी आहे. होडीतून फोटो काढताना होडी हलते, तेव्हा शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नको, स्टॅबिलायझेशनवर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) सगळा भरवसा ठेवू नये. करमळीचं तळं शेतीच्या पाण्यासाठी माणसांनी केलेलं, अडई (एक बदक) आणि जांभळ्या पाणकोंबड्या काठावरूनच मिळतात. कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) आलं.

पावसात लेन्सला बुरशी धरते, हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवायचं. एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेलेली लेन्स धुकटते ते वेगळंच.

जंगलात, म्हणजे बोंडला, मोले, तांबडी सुर्ला, उजेड कमी म्हणून छोटा सेन्सर मार खातो, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० ला नेला की पिसं पुसल्यासारखी होतात. अभयारण्यात फोटोसाठी वन्यजीव कायदा १९७२ प्रमाणे परवानगी लागते, आणि मोबाइलवर पक्ष्याची हाक वाजवून त्याला फांदीवर बोलावणं, विशेषतः विणीत, हे फोटोग्राफी नव्हे तर त्रास आहे. जंगलात छोटा सेन्सर मार खातो याला अपवाद फ्रॉगमाउथ या निशाचर पक्ष्याचा. दिवसा तो सुक्या पानासारखा फांदीला चिकटून हलतसुद्धा नाही, ट्रायपॉड, दोन सेकंदांचा टायमर आणि १/१५ सेकंदाचं शटर, लहानात लहान कॅमेराही पुरतो, फक्त तो बसलाय कुठं हे सांगणारा जाणता गाइड सोबत पाहिजे.